आधी फोटो, मग पाना: जुन्या जर्मन गाड्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या जर्मन गाड्यांचे फोटो आणि त्यांच्यातले बदल यावर प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं. खूप पत्रं आली, सगळी वाचली, काही दोनदा वाचली. सगळ्यांना इथे जागा देता येत नाही, पण ज्या प्रश्नांच्या उत्तराचा इतरांनाही उपयोग होईल असे निवडलेत. काही उत्तरं लांबलीत, तिथे विषयच तसा आहे.

प्रश्न: ताई, माझ्याकडे १९५६ ची ओव्हल-विंडो, म्हणजे मागे अंडाकृती काच असलेली, फोक्सवॅगन बीटल आहे. प्रत्यक्षात इतकी देखणी, पण मोबाईलवर फोटो काढला की नाक सुजल्यासारखं दिसतं आणि मागचा भाग एवढासा. चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का?

उत्तर: कॅमेरा आहे तोच राहू द्या, तुम्ही मागे सरका. मोबाईलची नेहमीची लेन्स वाईड असते, म्हणजे पूर्ण गाडी फ्रेममध्ये भरायची तर जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की जे पुढे आहे ते फुगतं आणि मागचं आकसतं, त्यात बीटलचा प्रत्येक पत्रा गोल, तिच्यावर हा फरक जास्तच उठून दिसतो. गाडीपासून दहा-पंधरा मीटर लांब जा आणि तिथून झूम करा, मोबाईलला टेली लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, असेल तर तीच वापरा. कॅमेरा असेल तर फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ८५ ते १३५ मिलिमीटरच्या मधलं काहीही चालेल. एवढ्यानेच तुमची गाडी फोटोत ओळखीची दिसायला लागेल बघा.

मग गुडघ्यावर बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत छत जास्त दिसतं आणि गाडी चेपल्यासारखी वाटते, हेडलाइटच्या उंचीवर कॅमेरा आणला की ती जमिनीवर नीट उभी राहते. पुढून तिरका फोटो काढताना स्टीअरिंग असं वळवा की पुढच्या चाकाची हबकॅप कॅमेऱ्याकडे येईल, टायरची नक्षी नाही. आणि बीटलची खरी ओळख म्हणजे बॉनेटपासून मागच्या बंपरपर्यंत जाणारी ती एक सलग रेघ, तिच्यामागे काहीतरी साधं हवं, भिंत, आकाश, मोकळं मैदान. छतातून विजेचा खांब उगवलेला फोटो कितीही एडिट केला तरी खटकतोच.

एक गोष्ट मनापासून सुचवते. १९५३ मध्ये पीटर कीटमन नावाच्या जर्मन फोटोग्राफरने वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन कारखान्यात आठवडाभर फोटो काढले. त्याने काय टिपलं, तर एकावर एक रचलेल्या फेंडरच्या रांगा, पत्र्यांच्या कडा, वळणावर पडलेला उजेड. अख्खी गाडी त्याला फारशी लागलीच नाही. त्याच वर्षी बीटलची मागची दुभंगलेली काच जाऊन तुमच्यासारखी ओव्हल आली होती. तेव्हा एक दिवस पूर्ण गाडी विसरून जा, नुसती ती अंडाकृती काच, फेंडर बॉडीला जिथे मिळतो ती खाच, दाराचं हँडल, एवढंच टिपत बसा. माझा स्वतःचा हात असाच सुधारला.

प्रश्न: क्रोममध्ये कायम मीच दिसतो. पोलरायझर फिल्टर घेतला, काचेवरचं प्रतिबिंब गेलं पण बंपरवर ढिम्म फरक नाही. फिल्टर खराब निघाला का?

उत्तर: फिल्टर अगदी ठीक आहे. काच, पाणी, रंगाचा वरचा थर यांच्यावरून तिरका परतणारा उजेड पोलराइज झालेला, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो म्हणून फिल्टर तो अडवू शकतो, धातूवरून परतणारा उजेड फारसा तसा नसतो आणि क्रोम हा धातूच, त्यामुळे तिथे जगातला महागातला महाग फिल्टरही हात टेकतो. काचेवरसुद्धा सगळ्या कोनांतून सारखा परिणाम होत नाही, पृष्ठभागाशी साधारण ३०-३५ अंशांचा कोन केलात तर सगळ्यात चांगला. बॉनेट गोल असल्यामुळे एका वेळी एकच पट्टा साफ होतो, मग कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, फिल्टर थोडा थोडा फिरवत तीन-चार फोटो घ्यायचे आणि नंतर जोडायचे. फिल्टरमुळे दीड ते दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) हेही धरून चला. आणि खिडकीच्या काचेवर अचानक जांभळट-काळे ठिपके दिसले तर घाबरू नका, ती टफन केलेल्या काचेतल्या ताणाची नक्षी असते, एरवी डोळ्यांना दिसत नाही, फिल्टरमुळे दिसते.

क्रोमचं प्रतिबिंब घालवता येत नाही म्हणून त्यात काय दिसावं हे आपण ठरवायचं. सूर्य मावळल्यानंतरची वीस मिनिटं माझी सगळ्यात आवडती, आकाश एक मोठा मऊ दिवा होतं आणि बंपरवर वरून फिकट, खालून गडद अशी स्वच्छ पट्टी येते, बंपरचा आकार त्या पट्टीतूनच कळतो. दिवसा काढायचा असेल तर साधे गडद कपडे घाला, बाजूला कुणाला तरी पांढरी चादर ताणून उभं करा. गाडी काळी असेल तर एक्स्पोजर थोडं खाली घ्या, पांढरी असेल तर थोडं वर, कारण कॅमेऱ्याला सगळंच राखाडी करायची सवय असते.

प्रश्न: माझ्या ६ व्होल्टच्या बीटलचे हेडलाइट मेणबत्तीसारखे आहेत. सगळे म्हणतात सरळ १२ व्होल्ट करून टाक. करू का? मूळपण घालवायची इच्छा नाही पण रात्री भीती वाटते.

उत्तर: भीती वाटते हे बरोबर आहे आणि त्यावर काहीतरी केलंच पाहिजे. पण १२ व्होल्टचं नंतर बघू, आधी हे बघा की तुमच्या बल्बपर्यंत ६ व्होल्ट पोचतायत का. मला खात्री आहे की पोचत नाहीयेत.

हिशेब सोपा आहे. ४५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर घेतो, ६ व्होल्टवर साडेसात. करंट दुप्पट म्हणजे त्याच वायरमध्ये वाया जाणारे व्होल्टही दुप्पट, आणि मुळात होतेच सहा. बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली, इंजिन त्याच्याही मागे आणि दिवे पार पुढे, मधे डॅशबोर्डचा स्विच, डिपर, फ्यूजच्या टोप्या, आणि हे सगळं साठ-सत्तर वर्षांचं. वाटेत फक्त ०.६ व्होल्ट गेले तरी ते दहा टक्के झाले, आणि फिलामेंट बल्बचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी जास्त वेगाने पडतो, दहा टक्के व्होल्ट गेले की जवळजवळ तीस टक्के उजेड गेला. मेणबत्ती तिथून येते.

म्हणून इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटर थेट बल्बच्या टोकांवर लावा, मग बॅटरीवर लावा, दोन आकड्यांतला फरक लिहून ठेवा. त्यानंतर अर्थ तपासा, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट. हेडलाइटचा अर्थ फेंडरमधून बॉडीला जातो, आणि फेंडर बोल्टने बसवलेला, मधे बीडिंग, रंग, गंज, म्हणजे तिथे बऱ्याचदा अर्थ नावालाच असतो. प्रत्येक दिव्यापासून बॉडीपर्यंत वेगळी अर्थची वायर टाका, ब्राऊन रंगाची. जर्मन गाड्यांमध्ये ब्राऊन म्हणजे अर्थ, ब्लॅक म्हणजे नाही, हे इतर देशांच्या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा, मी यावरून वायरिंग जळालेली पाहिलीय. टर्मिनलवरचे आकडेही वाचायला शिका, ते सगळ्या जर्मन कंपन्यांना सारखे आहेत: ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, ३१ अर्थ, ५६ए अप्पर, ५६बी डिपर, ५० स्टार्टर. एवढे सहा पाठ असले की कुठल्याही जुन्या जर्मन गाडीचं वायरिंग परकं वाटत नाही.

शेवटी ६ व्होल्टचे दोन रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, पुढे बसवा आणि बॅटरीपासून एक जाड, फ्यूज लावलेली वायर त्यांच्यापर्यंत आणा, जुना स्विच मग फक्त रिले चालवेल. मूळ वायरिंगची एकही वायर कापावी लागत नाही, उद्या काढून टाकलं तर खूणही राहणार नाही. एवढं करून बहुतेक लोकांचं समाधान होतं.

तरीही १२ करायचं असेल तर काम किती आहे ते बघून घ्या. डायनॅमो, रेग्युलेटर, कॉइल, सगळे बल्ब, हॉर्न, वायपर मोटर, फ्लॅशर. स्टार्टर ६ चाच ठेवून लोक १२ वर चालवतात आणि तो चालतोही, पण लांब स्टार्ट मारत बसलात तर जळेल. १२ चा स्टार्टर घालायचा तर फ्लायव्हीलही, म्हणजे इंजिनाला जोडलेलं दातेरी चाकही, बदलावं लागतं कारण ६ वाल्याला १०९ दात आणि १२ वाल्याला १३०, मोठं फ्लायव्हील बसायला जुन्या गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग, म्हणजे फ्लायव्हीलवरचं कवच, आतून घासावं लागतं. घासलेला धातू परत येत नाही. फोक्सवॅगनने स्वतः बीटलला १२ व्होल्ट द्यायला १९६७ च्या मॉडेलच्या सुमारास सुरुवात केली, त्याआधीची गाडी ६ ची म्हणूनच बनलीय.

प्रश्न: गाडी खाली घ्यायची आहे, म्हणजे लो करायची आहे. १९६३ ची बीटल. मित्र म्हणतो मागे दोन स्प्लाइन फिरव, पुढे बीम कापून ॲडजस्टर वेल्ड कर, झालं.

उत्तर: तू वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करते, आणि मित्राने सांगितलंय त्यातलं पहिलं वाक्य अर्धवट आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

मागचा टॉर्शन बार म्हणजे एक पोलादी दांडा, पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा. त्याच्या आतल्या टोकाला ४० स्प्लाइन, म्हणजे खाचा, असतात आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतली एक स्प्लाइन फिरवली की ९ अंश, बाहेरची एक फिरवली की ८ अंशांहून थोडं जास्त, म्हणजे आत एक पुढे आणि बाहेर एक मागे केली की एका अंशापेक्षाही कमी फरक, साधारण ५० मिनिटं (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट). ज्याने हे योजलं त्याला मी मनोमन नमस्कार करते, काहीही न कापता, काहीही न वेल्डता उंची इतक्या बारकाईने बसवता येते आणि तशीच परतही नेता येते. तेव्हा ‘दोन स्प्लाइन’ हे काही माप नव्हे, कुठल्या टोकाच्या, कुठल्या दिशेला, ते सांगायला हवं. काम सुरू करायच्या आधी स्प्रिंग प्लेटचा, म्हणजे टॉर्शन बारच्या बाहेरच्या टोकावरच्या पट्टीचा, कोन डिजिटल मापकाने मोज, दोन्ही बाजूंचा, आणि मापक प्लेटवर ठेवलेला असतानाच फोटो काढ, आकडा वाचता येईल असा. ही प्लेट खालच्या ठोकळ्यावर प्रचंड ताणात टेकलेली असते, ती सोडवताना खाली जॅक नसेल तर ती सुटून हात-पाय मोडू शकते. एकट्याने करू नकोस.

तुझ्या गाडीला मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे चाक वर-खाली होताना झुकतं, खाली घेतलीस की चाकं वरून आत झुकतील, टायर आतल्या कडेने झिजेल आणि नेहमीचा शॉक ॲब्सॉर्बर तळाला आपटेल. थोडंच खाली घे, आखूड शॉक लाव. खूप खाली घेतलेली गाडी फोटोत छान दिसते हे मान्य, पण ती चालवताना प्रत्येक खड्ड्याला जीव वर येतो.

पुढचा बीम, म्हणजे पुढची चाकं धरणाऱ्या नळ्यांचा सांगाडा, कापू नकोस. ॲडजस्टर, म्हणजे उंची कमी-जास्त करायचे जोड, हवेच असतील तर दुसरा जुना बीम मिळव, त्यात वेल्डिंग कर, आणि तुझा मूळ बीम ग्रीस लावून, कापडात गुंडाळून ठेव. चार बोल्टचं काम आहे, कधीही परत बसवता येतो. आणि पुढून जास्त, मागून कमी असं खाली घेतलंस तर गाडी नाकावर झुकते आणि कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव, कमी होतो, मग सरळ रस्त्यावर स्टीअरिंग भिरभिरतं. त्यासाठी बीमच्या खालच्या नळीमागे पातळ शिम, म्हणजे पत्र्याची पट्टी, घालतात, ती विसरू नकोस.

प्रश्न: १९७४ ची बीएमडब्ल्यू २००२ आहे, चौकोनी टेल लाइटवाली. मनात आहे की गोल टेल लाइट, रुंद फेंडर, ट्विन कार्बोरेटर, पाच गिअर असं सगळं करावं. घरातलेच दोन गट पडलेत, एक म्हणतो हात लावू नका, दुसरा म्हणतो गाडी तुमची आहे. तुमचं मत?

उत्तर: माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते, बदल करा, पण असे की गाडी जशी होती तशी परत नेता येईल.

हात लावू नका म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सांगा. २००२ हीच मुळात मॉडिफाय केलेली गाडी आहे. बीएमडब्ल्यूच्या छोट्या १६०० मध्ये दोन लिटरचं इंजिन घालून बघायची कल्पना कंपनीतल्याच दोन माणसांनी, इंजिन विभागाचे अलेक्स फॉन फाल्केनहाउझेन आणि हेल्मुट व्हेर्नर ब्योन्श यांनी, एकमेकांना न सांगता आपापल्या गाडीत करून पाहिली होती, आणि त्यातून १९६८ ची २००२ आली. पुढे १९७३ मध्ये १७० हॉर्सपॉवरची टर्बो आली, ती जेमतेम १६७२ बनल्या. त्याच घराण्याच्या चार सिलिंडर इंजिनाचा ब्लॉक घेऊन बनलेल्या टर्बो इंजिनावर १९८३ ची फॉर्म्युला वन ड्रायव्हर्स चॅम्पियनशिप जिंकली गेली. अशा गाडीला छेडछाड सहन होत नाही असं कोण म्हणेल!

आणि जर्मनीत हा उद्योग गाड्यांइतकाच जुना आहे. बुर्कार्ड बोव्हेनझीपेन यांनी बीएमडब्ल्यू १५०० साठी जोड वेबर कार्बोरेटर बनवले, त्यातून १९६५ मध्ये अल्पिना उभी राहिली. बीटलसाठी ओक्राझा या नावाने पन्नाशीच्या दशकातच दोन कार्बोरेटर आणि वेगळी सिलिंडर हेड मिळत होती. १९६७ मध्ये सुरू झालेल्या एएमजीने भलीमोठी ३०० एसईएल मर्सिडीज १९७१ च्या बेल्जियममधल्या स्पा २४ तासांच्या शर्यतीत दुसऱ्या नंबरावर आणली. हे सगळं आता इतिहासाचाच भाग आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या गाडीला नंबराच्या शेवटी एच अक्षर असलेली वेगळी प्लेट मिळते, तिथेसुद्धा त्या काळात प्रचलित असलेले बदल मान्य होतात, आजच्या काळातले सरसकट होत नाहीत. मला हा निकष फार आवडतो. बदल करायचा विचार आला की मी स्वतःला विचारते, १९७८ मध्ये एखाद्या शौकिनाने हे केलं असतं का?

आता तुमच्या यादीकडे. ट्विन कार्बोरेटर, हो. मूळ कार्बोरेटर, मॅनिफोल्ड आणि एअर क्लीनर एका खोक्यात ठेवा, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून. पाच गिअर, हो, नंतरच्या ३ सिरीजचा गेट्राग कंपनीचा गिअरबॉक्स बसवतात आणि हायवेवर इंजिन शांत होतं, पण त्यासाठी प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो, तर आखूड करायला दुसरा शाफ्ट आणा, तुमचा नको. चाकं, शॉक, स्प्रिंगा, खुशाल बदला.

रुंद फेंडर, नाही. त्यासाठी चाकाची कमान आतून कापावी लागते, आणि २००२ ला तिथे आणि मागच्या शॉकच्या माउंटिंगपाशी गंज आधीच टपून असतो, कापलेल्या कडेतून पाणी आत गेलं की काही वर्षांत बाहेरचा पत्राच काय, आतलाही जातो. गोल टेल लाइट, तेही नाही, कारण मागचा पॅनेलच वेगळा आहे, कापून जोडावा लागतो. खरं सांगू, चौकोनी दिव्यांच्या गाडीला लोक उगाच कमी लेखतात. तिला तिच्या वर्षाची राहू द्या. मागून, डाव्या कोपऱ्यातून, संध्याकाळी दिवे लावून एक फोटो काढा आणि भिंतीवर लावा, महिन्याभराने परत मला लिहा की अजून गोल हवेत का.

आणि हो, यादीत ब्रेक नाहीत. जास्त ताकद घालायच्या आधी होज, सिलिंडर, डिस्क नवीन करा. टायरच्या कडेवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, तो वाचा, नक्षी कितीही शिल्लक असली तरी म्हातारा टायर म्हणजे म्हाताराच.

प्रश्न: मर्सिडीज डब्ल्यू१२३, २४० डिझेल. दारांत नवीन स्पीकर बसवून घेतले आणि त्या दिवसापासून चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं! स्पीकर बसवणारा म्हणतो त्याचा काही संबंध नाही.

उत्तर: संबंध आहे, जवळजवळ नक्की. या गाडीत डिझेल इंजिन बंद होतं ते व्हॅक्यूमने. इंजिनवर एक व्हॅक्यूम पंप असतो, चावी बंद केली की एक झडप उघडून तो व्हॅक्यूम इंजेक्शन पंपापर्यंत जातो आणि डिझेल तोडतो. आणि सेंट्रल लॉकिंगही त्याच व्हॅक्यूमवर चालतं, म्हणून दारांच्या आत बारीक नळ्या फिरवलेल्या असतात. दाराचं पॅनेल ओढून काढताना त्यातली एक निसटली किंवा चिरली असणार, तिथून हवा आत जाते आणि इंजेक्शन पंपापाशी पुरेसा ओढा उरत नाही. कुलपंही हल्ली हळू लागतायत का बघा, लागत असतील तर निदान पक्कं.

तोपर्यंत इंजिन बंद करायला बॉनेट उघडून इंजेक्शन पंपावरचा स्टॉप लिहिलेला दांडा दाबा, तो त्याचसाठी दिलाय. ब्रेकचं पेडल कडक लागत असेल तर मात्र गाडी हलवू नका, ब्रेक बूस्टरलाही तोच पंप पुरवठा करतो. दुरुस्ती स्वस्त आहे, हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप घेऊन एकेक नळी तपासायची, रबरी जोड नवे घालायचे. नळ्यांवर रंगीत पट्टे असतात, पॅनेल परत काढाल तेव्हा कुठला पट्टा कुठल्या जोडात जातो त्याचा फोटो काढून ठेवा. ही गाडी पहिल्याच दिवशी असा फोटो काढला असता तर पाच मिनिटांत बरी झाली असती.

प्रश्न: धावत्या गाडीचा फोटो काढला की गाडी थांबल्यासारखीच दिसते. काय चुकतंय?

उत्तर: शटर फार जलद आहे. १/१००० ला चाकाच्या आऱ्या गोठतात. १/६० वर या, गाडी ताशी ५० च्या आसपास असू दे, तुम्ही तिच्या वाटेला आडवे, सुरक्षित अंतरावर उभे रहा, गाडी येताना दिसली की तिच्या वेगाने कंबरेतून वळत रहा, बटण दाबल्यावरही वळणं थांबवू नका. तीसातला एक चांगला येतो, तो प्रमाण ठीक आहे. हात बसला की १/३०. दुसऱ्या गाडीतून काढणार असाल तर बेल्ट लावून, काचेच्या आतून, डिकीत बसून कधीच नाही.

प्रश्न: ताई, पुढच्या महिन्यात बीटल पूर्ण उघडतोय, रंगासकट. फोटो काढून ठेवायला सांगता, पण नक्की कशाकशाचे? आणि मूळ रंग आता अंगावर कुठेच नाही, चार वेळा रंगवलीय.

उत्तर: प्रत्येक भागाचे तीन. एक लांबून, तो भाग गाडीत कुठे बसतो ते कळेल असा. एक जवळून, नट-बोल्ट, वॉशर, क्लिप कुठल्या दिशेने आहेत ते दिसेल असा. आणि एक काढल्यावर, बाकावर, शेजारी मोजपट्टी ठेवून. उजेड बाजूने येऊ दे, मोबाईलचा फ्लॅश नको, त्याने ठोकलेले आकडे दिसेनासे होतात. चासी नंबर मागच्या सीटखाली मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो, त्याचा फोटो सँडब्लास्टिंगच्या, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग काढण्याच्या, आधी, तिरक्या उजेडात, अंक आणि त्यांच्या आजूबाजूचा पत्रा दोन्ही येतील असा. तो नंबर कुणाला घासू देऊ नका, त्यावर टेप लावून ठेवा. त्याच नंबरावरून वोल्फ्सबुर्गच्या ऑटोम्युझियम फोक्सवॅगनकडून गाडीचा जन्मदाखला मागवता येतो, कधी बनली, कुठल्या रंगात बाहेर पडली, त्यावर असतं.

रंगाचं मला फार जवळून माहितीये. माझी पहिली गाडी मी एका वर्कशॉपमध्ये दिली तेव्हा एकही फोटो काढला नव्हता, परत आली ती आतून-बाहेरून नवीन रंगात, इंजिनाच्या खणासकट, आणि कारखान्यातला रंग नेमका कुठला होता हे सांगायला काही उरलं नाही. पुढे किती तरी महिन्यांनी डॅशबोर्ड काढला तेव्हा त्याच्या मागे तळहाताएवढा तुकडा सापडला, फिकट निळा, पहिल्या दिवसासारखा. मी तिथेच बसून राहिले होते.

तेव्हा तुम्ही गाडी रंगाऱ्याकडे न्यायच्या आधी स्वतः शोधा. डॅशबोर्डच्या मागे, ग्लोव्हबॉक्स काढून आत, दाराच्या पॅनेलखाली, फेंडर आणि बॉडीच्या मधल्या बीडिंगखाली. सापडला की पॉलिशने हलकं पुसा, फडक्यावर रंग उतरला तर दचकू नका, जुना रंग एकाच थराचा असतो, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नसतो म्हणून उतरतो. मग सावलीत, शेजारी ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड, ठेवून फोटो घ्या म्हणजे व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, नंतर जुळवता येईल. फोक्सवॅगनचे रंग एल अक्षर आणि आकड्याने ओळखतात, एल ४१ म्हणजे काळा, एल ८७ म्हणजे मोतिया पांढरा. जन्मदाखल्यावरचा रंग आणि तुमचा तुकडा जुळतो का बघा. आणि तेवढा तुकडा रंगवू नका, रंगाऱ्याला आधीच खडूने गोल काढून द्या.